गोठवण्याआधी

भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ कोणतं असं विचारलं, तर माझ्या पिढीतले बहुतेक मराठी वाचक हर्षाचं नाव घेतात. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या जुन्या नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्या त्यांनी बारकाईने तपासल्या आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून सांगितलं, की हा पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावर लागलेला मान पुरावा पाहून दुसऱ्याला, तोही हयात नसलेल्या माणसाला, देऊन टाकणारा वैज्ञानिक मुंबईत होऊन गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून या पुस्तकाची सुरुवात तिथून करते आहे.

मुखोपाध्यायांच्या प्रयत्नातून झालेली मुलगी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात जन्मली. लोकांनी तिला दुर्गा या नावाने ओळखलं. इंग्लंडमधली लुईस ब्राउन, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, तिच्यापेक्षा फक्त ७० दिवसांनी मोठी. इतकं पुष्कळांना ठाऊक असतं. कमी सांगितला जातो तो भाग असा, की दुर्गा ज्या भ्रूणातून वाढली तो ५३ दिवस गोठवून ठेवलेला होता. मुखोपाध्यायांनी बीजं वाढवायला इंजेक्शनं दिली, प्रयोगशाळेत फलन घडवलं, आणि तयार झालेले भ्रूण त्याच पाळीत गर्भाशयात न सोडता पुढच्या एका नैसर्गिक पाळीपर्यंत राखून ठेवले. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी लुईसच्या वेळी प्रयोगशाळेतलं फलन सोडलं तर यातलं काहीच केलं नव्हतं. गोठवलेल्या भ्रूणापासून राहिलेल्या गर्भाची जगाने मान्य केलेली पहिली नोंद १९८३ ची, मेलबर्नच्या ॲलन ट्राउन्सन आणि लिंडा मोर यांची. तो गर्भ टिकला नाही. अशा भ्रूणापासूनचं पहिलं मूल म्हणून जगात ज्याची नोंद झाली ते मेलबर्नलाच १९८४ च्या मार्चमध्ये जन्मलं. म्हणजे कोलकात्यातलं काम त्याच्या पाच वर्षांहूनही आधीचं.

राज्य सरकारने नेमलेल्या समितीचा मुखोपाध्यायांवर विश्वास बसला नाही. त्यांना परदेशी जाऊन आपलं काम मांडू दिलं नाही, आणि शेवटी त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा सिनेमा त्यांच्याच आयुष्याच्या आधाराने उभा राहिला.

आज परिस्थिती अगदी उलट्या टोकाला पोचली आहे. पुणे-मुंबईच काय, तालुक्याच्या गावांतही आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या दिसतात आणि ‘एम्ब्रियो फ्रीजिंग’ हे शब्द त्यावर मोठ्या अक्षरांत असतात. गेली काही वर्षं मी वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांशी समुपदेशक म्हणून बोलते आहे. तंत्राबद्दलची शंका आता फारशी ऐकू येत नाही. ऐकू येतो तो एक निर्धास्त सूर: “आमचे चार फ्रीज केलेत, आता काळजी नाही.” हे पुस्तक त्या निर्धास्तपणासाठी लिहिलं आहे. भ्रूण गोठवणं हा चांगला, सिद्ध झालेला उपचार आहे आणि त्याने असंख्य घरांत मुलं आली आहेत. पण त्याबद्दलचे जे प्रश्न इंजेक्शनं सुरू होण्याआधी विचारायला हवेत, ते आपल्याकडे बहुधा साठवणुकीच्या शुल्काचं तिसरं-चौथं बिल आल्यावर विचारले जातात. तेव्हा उत्तरं बदलता येत नाहीत.

आधी तंत्र समजून घेऊ, कारण अर्ध्या भीतीचं आणि अर्ध्या भ्रमाचं मूळ तिथेच आहे.

साधारण १०-१२ दिवस इंजेक्शनं, मधे सोनोग्राफ्या, मग ‘पिकअप’, म्हणजे भूल देऊन सुईने बीजं काढणं. बीजं आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र येतात. दुसऱ्या दिवशी फलन झालं की नाही ते कळतं, तिसऱ्या दिवशी ६ ते ८ पेशी दिसतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शंभराच्या पुढे पेशी असलेला, आत पोकळी धरलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. हल्ली बहुतेक ठिकाणी गोठवतात तो याच अवस्थेत. प्रत्येक पायरीवर गळती असते, आणि ती कुणाच्या चुकीमुळे असते असं नाही. १२ बीजं मिळाली तर त्यातली नऊ-दहा पक्व निघतात, सहा-सातांचं फलन होतं आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन पोचतात. हे ढोबळ आकडे आहेत, पण १२ बीजं मिळाल्याच्या आनंदात घरी पेढे वाटले गेले की पाचव्या दिवशीचा फोन फार जड जातो. म्हणून ते आधीच सांगितलेले बरे.

पेशींमध्ये पाणी असतं. पाणी सावकाश गोठलं की त्याचे स्फटिक होतात आणि त्यांच्या धारेने पेशी आतून फाटते. या अडचणीतून पहिली वाट निघाली ती इंग्लंडमध्ये, १९४९ मध्ये. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांना कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना ग्लिसरॉलचा गुण सापडला, तोही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या घोळामुळे, योगायोगानेच. १९७२ मध्ये व्हिटिंगहॅम, लीबो आणि मेझर यांनी उंदराचे भ्रूण उणे १९६ अंशांपर्यंत नेऊन परत जिवंत केले. पुढे बरीच वर्षं माणसाचे भ्रूणही याच सावकाश पद्धतीने, यंत्रावर अंशाअंशाने तापमान उतरवत गोठवले जात. त्यातले बरेच परतताना मरत.

आता वापरतात ती विट्रिफिकेशनची पद्धत, तिचा पाया १९८५ मध्ये रॉल आणि फाही यांनी उंदराच्या भ्रूणांवर घातला. ज्यांनी घरी चिक्की केली आहे त्यांना ती लगेच समजेल. साखरेचा दाट पाक झटकन गार केला की काचेसारखा पारदर्शक घट्ट होतो, त्यात दाणे पडायला वेळच मिळत नाही. भ्रूणातलं पाणी बरंचसं काढून त्याच्या जागी इथिलिन ग्लायकॉल, डीएमएसओ, साखर अशांचं दाट द्रावण भरतात. शेवटच्या दाट द्रावणात भ्रूण जेमतेम मिनिटभर ठेवायचा, कारण हीच रसायनं जास्त वेळ राहिली तर विषारी ठरतात. मग डोळ्याला धड दिसणारही नाही इतक्या थेंबासह त्याला प्लास्टिकच्या बारीक पट्टीवर घेऊन थेट द्रवनत्रात बुडवायचं. तापमान मिनिटाला वीस हजार अंशांहून अधिक वेगाने उतरतं. स्फटिक होत नाहीत. परत आणताना वेग आणखी महत्त्वाचा: पट्टी नत्रातून निघून सेकंदाभरात ३७ अंशांच्या द्रावणात पडली पाहिजे. हे सगळं अजूनही माणसाच्या हाताने होतं. म्हणून चांगली प्रयोगशाळा कोणती, या प्रश्नाचं खरं उत्तर तिथला भ्रूणतज्ज्ञ किती सरावाचा आहे, यात असतं. दिवाणखान्यातल्या सोफ्यांवरून ते कळत नाही. सरावलेल्या हाती शंभरातले पंच्याण्णव ब्लास्टोसिस्ट सुखरूप परततात.

“वीज गेली तर?” हा प्रश्न मला मराठवाड्यातून आलेल्या जोडप्यांनी हमखास विचारला आहे, आणि तो अत्यंत रास्त आहे. भ्रूण ठेवतात ती टाकी विजेवर चालत नाही. दुहेरी भिंतींच्या, मधली हवा काढलेल्या भांड्यात द्रवनत्र असतं, ते हळूहळू उडत राहतं आणि वरून भरत राहावं लागतं. ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांनी हे भांडं पाहिलेलंच असतं. कृत्रिम रेतनासाठी गावात येणाऱ्या माणसाच्या मोटरसायकलला बांधलेला, झाकण उघडलं की धूर सोडणारा कॅन तोच. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बायफ’ने गोठवलेल्या रेतमात्रा महाराष्ट्राच्या गोठ्यागोठ्यांपर्यंत नेल्या. आपल्या शेतकऱ्यांना द्रवनत्राची ओळख शहरातल्या आयव्हीएफ केंद्रांच्या कितीतरी आधीपासून आहे. मी समजावताना याचाच आधार घेते, आणि माणसं पटकन मोकळी होतात.

धोका विजेचा नसला तरी निष्काळजीपणाचा आहे. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एकाच आठवडाअखेरीला क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या दोन वेगळ्या केंद्रांत टाक्या बिघडल्या आणि हजारो बीजं आणि भ्रूण गेले. तेव्हा केंद्रात विचारा: नत्राची पातळी कोण मोजतं, किती दिवसांनी, धोक्याची घंटा रात्री कुणाच्या फोनवर वाजते, दुसरी टाकी भरलेली तयार आहे का. हे विचारल्याने कुणी रागावलं तर तेही एक उत्तरच समजा.

गोठलेल्या भ्रूणाला वय नसतं. उणे १९६ अंशांवर जीवरसायनांच्या हालचाली थांबलेल्या असतात. १९९४ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या एका भ्रूणापासून २०२५ च्या जुलैमध्ये मूल जन्मलं. वय असतं ते बीजाला, म्हणजे भ्रूण तयार करताना बाईचं जे वय होतं त्याला. चाळिशीत तयार झालेल्या ब्लास्टोसिस्टपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये गुणसूत्रांचा घोळ असतो. ते उत्तम गोठतात, उत्तम परततात आणि तरी रुजत नाहीत किंवा काही आठवड्यांत गर्भपात होतो. त्यामुळे बत्तिसाव्या वर्षी गोठवलेले तीन आणि एक्केचाळिसाव्या वर्षी गोठवलेले तीन यांची तुलना होऊ शकत नाही. चार भ्रूण म्हणजे चार मुलं असा हिशोब करू नका, आणि कुणी करून देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मग गोठवायचे कधी? पहिला सरळ प्रसंग म्हणजे चांगले भ्रूण उरणं. एका वेळी एकच सोडावा, जुळं-तिळं टाळावं, ही आजची रीत, आणि ती शक्य झाली ती उरलेले सुरक्षित ठेवता येतात म्हणूनच. दुसरा पीसीओएस, म्हणजे बीजकोशांत अनेक बारीक गाठी दिसणारा विकार असलेल्या बायकांचा. त्यांच्या बीजकोशांत इंजेक्शनांमुळे फार फॉलिकल, म्हणजे बीजं धरणाऱ्या पिशव्या, वाढतात, पोटात पाणी साठतं आणि कधी जिवावर बेततं. त्याच पाळीत गर्भ राहिला तर त्रास वाढतो. सगळे भ्रूण गोठवून शरीर शांत झाल्यावर सोडले तर हा धोका फार उतरतो. चीनमध्ये १५०८ पीसीओएस असलेल्या बायकांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. ताजे भ्रूण सोडलेल्यांत ४२ टक्के बायकांना मूल झालं, गोठवून सोडलेल्यांत ४९.३ टक्के. बीजकोशांचा तो त्रास ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आला.

हा अभ्यास आला आणि सगळ्यांनाच सगळे भ्रूण गोठवायला सांगण्याची लाट आली. दोन वर्षांत, २०१८ मध्ये, चीन आणि व्हिएतनाममधून दोन अभ्यास आले, नियमित पाळी असलेल्या किंवा पीसीओएस नसलेल्या बायकांवरचे. त्यांत मूल होण्याच्या प्रमाणात गोठवण्याचा जादा फायदा दिसला नाही. चिनी अभ्यासात तर ताज्याचे ५०.२ आणि गोठवलेल्याचे ४८.७ टक्के, म्हणजे फरक नसल्यासारखाच. मी हे आग्रहाने लिहिते आहे, कारण ‘फ्रीज ऑल’ म्हणजे अधिक महिने, अधिक औषधं आणि अधिक पैसे. कारण असेल तर जरूर करा. कारण काय आहे ते मात्र डॉक्टरांना विचारा, आणि ते तुमच्या रिपोर्टवर बोट ठेवून सांगायला सांगा.

गोठवलेल्या भ्रूणापासून झालेली मुलं अशक्त असतात का, असं घरातली मोठी माणसं विचारतात. तसं आढळलेलं नाही. उलट कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता ताज्या भ्रूणाच्या तुलनेत कमी आणि जास्त वजनाचं होण्याची थोडी अधिक दिसते. आईच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण अशा गर्भारपणात काहीसं जास्त आढळलं आहे, विशेषतः गर्भाशयाचं अस्तर फक्त गोळ्यांनी तयार केलं आणि त्या पाळीत बीज सुटलंच नाही तेव्हा. बीज सुटल्यावर बीजकोशात उरणारी पिवळी पुटकुळी गरोदरपणाला लागणारे आणखीही काही स्राव देते, ते गोळ्यांत नसतात. ज्यांची पाळी नियमित आहे त्यांनी नैसर्गिक पाळीत भ्रूण सोडता येईल का, असं विचारायला हरकत नाही. मुखोपाध्यायांनी १९७८ मध्ये जे केलं होतं, तिकडे वैद्यक आता वळून पाहतं आहे.

तिसरा प्रसंग आनुवंशिक आजारांचा. आई-बाप दोघेही थॅलेसेमियाचे किंवा सिकलसेलचे वाहक असतील तर पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून तपासायला पाठवतात. अहवाल यायला वेळ लागतो, तोवर भ्रूण गोठवलेला राहतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलने किती घरं पिढ्यान्‌पिढ्या पोळली आहेत ते आपण जाणतो, आणि हा उपचार त्याच घरांच्या आवाक्याबाहेर आहे. ही मला या विषयातली सर्वांत मोठी टोचणी वाटते. तपासणी म्हटली की कुजबुजत विचारलं जातं ते मुलगा-मुलगी कळेल का म्हणून. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी लिंग निवडणं हाही आज गुन्हा आहे. या पुस्तकात त्यावर याहून अधिक एक ओळही नाही.

चौथा प्रसंग कर्करोगाचा, आणि याच्यासाठी मी सर्वांत मोठं प्रकरण लिहिलं आहे. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं बीजकोशांतला साठा झपाट्याने संपवतात. तिशीतल्या बाईला स्तनाचा कर्करोग निघाला की सगळं घर तिच्या जिवाच्या मागे धावतं, आणि तसंच धावायला हवं. पण किमो सुरू होण्याआधी दोन आठवडे मिळत असतील तर बीजं काढता येतात. पाळीची वाट बघावी लागत नाही, कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. संप्रेरकांवर वाढणारी गाठ असेल तर लेट्रोझोल सोबत देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. या बाईला हा पर्याय आहे, हे तिला वेळेत कुणी सांगत नाही. सांगण्याची जबाबदारी कर्करोगतज्ज्ञाची की स्त्रीरोगतज्ज्ञाची, या मधल्या फटीत ते दोन आठवडे निघून जातात. हे वाचणारे डॉक्टर असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की तेवढं एक वाक्य पहिल्याच भेटीत बोला.

याच ठिकाणी एक निवड करावी लागते. बीज गोठवायचं की भ्रूण? गोठवलेली बीजं तिची एकटीची असतात. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. पूर्वी बीजं नीट गोठत नसत, म्हणून भ्रूणाशिवाय इलाज नव्हता. विट्रिफिकेशननंतर ते बदललं, आणि २०१२ मध्ये अमेरिकन प्रजननवैद्यक संघटनेने बीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. इंग्लंडमधल्या एव्हान्स खटल्याची हकिगत मी भेटायला येणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीला सांगते. बीजकोशांत गाठी निघाल्यामुळे ते काढावे लागणार होते, म्हणून एव्हान्सने २००१ मध्ये जोडीदारासोबत सहा भ्रूण गोठवले. नुसती बीजं ठेवता येतील का, असं तिने तेव्हा विचारलं होतं. त्याने तिला दिलासा दिला, आपण कुठे वेगळे होणार आहोत. पुढे ते वेगळे झाले आणि त्याने संमती काढून घेतली. ती थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत लढली, आणि २००७ मध्ये हरली. स्वतःचं मूल होण्याची तिची ती शेवटची संधी होती. आपल्या कायद्यातही भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी संमती मागे घेण्याची तरतूद आहे. लग्न नवं असेल, नातं ताणलेलं असेल, तर निदान काही बीजं तरी वेगळी गोठवा. हे मी स्पष्ट म्हणते, आणि असं म्हटल्याने संसार मोडतात यावर माझा विश्वास नाही.

आता कायद्याकडे येते. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५. भ्रूण विकता येत नाहीत. गोठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. पुढे तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. ही दहा वर्षांची मुदत बहुतेकांना माहीतच नसते. पंचविशीत कर्करोगासाठी भ्रूण गोठवलेल्या मुलीला औषधं संपवून, तब्येत सावरून, आयुष्य पुन्हा उभं करायला दहा वर्षं पुरतीलच असं नाही. कर्करोगाच्या रुग्णांसाठी ही मुदत वाढवून मिळावी असं माझं ठाम मत आहे.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट बंधनकारक केली आहे. दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिलं नाही, तर भ्रूणांचं काय करायचं, याच्या लेखी सूचना आणि संमती घेतल्याशिवाय ते गोठवताच येत नाहीत. तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात तो कागद इतर कागदांच्या चळतीत असतो, बऱ्याचदा इंग्रजीत, आणि पेन हातात देऊन कुठे सही करायची तेवढं बोटाने दाखवलं जातं. बाई उपाशीपोटी, नवरा बिलाच्या खिडकीशी. नवरा गेला तर या भ्रूणाचं काय, हे वाक्य मोठ्याने वाचणंही घरात अशुभ मानतात. त्यामुळे ते कुणी वाचत नाही.

न वाचलेल्या अशा कागदांवर, किंवा ते नसल्यामुळे, जगभर खटले झाले आहेत. १९८३ मध्ये मेलबर्नच्या रुग्णालयात दोन भ्रूण ठेवलेलं एक जोडपं चिलीत विमान अपघातात गेलं, आणि त्या भ्रूणांना वारसा मिळतो का यावर जगभर वाद पेटला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित जोडप्याच्या प्रकरणात म्हटलं, की भ्रूण ही व्यक्तीही नव्हे आणि मालमत्ताही नव्हे, तो या दोहोंमधल्या आणि विशेष आदराला पात्र असलेल्या वर्गातला आहे. २०२४ मध्ये अलाबामाच्या न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांना मुलं मानलं, आणि तिथल्या केंद्रांनी घाबरून काही काळ उपचारच थांबवले. मला टेनेसीचा विचार जवळचा वाटतो. भ्रूणाकडे वस्तू म्हणून पाहवत नाही, आणि मूल म्हणून पाहिलं तर ज्यांचे भ्रूण रुजले नाहीत त्या बायकांच्या माथी आपण नको ते दुःख मारतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०२५ च्या ऑक्टोबरात आलेला प्रश्न वेगळा होता. काही जोडप्यांनी सरोगसीचा कायदा लागू होण्याआधीच भ्रूण गोठवले होते आणि नंतर आलेल्या वयोमर्यादेत ती बसत नव्हती. ज्यांनी भ्रूण गोठवण्यापर्यंतचा टप्पा कायद्याआधी गाठला त्यांना ही मर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. भ्रूण गोठवणं म्हणजे पालकत्वाच्या वाटेवर पाऊल टाकणं, असा त्या निकालाचा आशय मी घेते.

मला भेटणाऱ्या बायकांपैकी काही जणींना मूल झालेलं असतं, आणि तरी त्या येतात. दोन-तीन भ्रूण टाकीत शिल्लक असतात. आणखी मूल नको असतं, परवडणारंही नसतं, पण ‘नष्ट करा’ या चौकटीत खूण करायला हात उठत नाही. काही जोडपी त्यामुळे वर्षानुवर्षं शुल्क भरत राहतात. काही शुल्क थांबवतात, फोन नंबर बदलतात, आणि तो निर्णय केंद्रावर सोडून देतात. त्यांना बेजबाबदार म्हणायला माझं मन धजत नाही. ज्या दुःखासाठी आपल्याकडे ना सुतक आहे ना समाचाराला येणारं कुणी, ते त्यांनी एकट्याने कसं निभवायचं? अशा बायकांसाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सल्ला फारसा नाही. निर्णय घेताना इतरांना काय वाटलं, ते त्यांच्या परवानगीने, नावं न देता लिहिलं आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. इंजेक्शनं सुरू व्हायची असतील त्यांनी संमतिपत्राचं प्रकरण आधी वाचावं. घरातल्या मोठ्यांसाठीचं प्रकरण मोठ्या टायपात छापून घेतलं आहे, ते वेगळं काढून आईच्या किंवा सासूबाईंच्या हाती देता येईल. परिशिष्टात मराठीत एक कोरा नमुना आहे. दोघांपैकी एक गेलं तर, वेगळे झालो तर, दहा वर्षं संपली तर, मूल झाल्यावर उरले तर, असे त्यात प्रश्न आहेत. तो दोघांनी वेगवेगळा, पेन्सिलने भरावा आणि मग एकमेकांचा वाचावा. उत्तरं जुळली नाहीत तर उपचार एक पाळी पुढे ढकला, त्याने सहसा काही बिघडत नाही. कर्करोगाच्या रुग्णांना एवढी सवड नसते. त्यांच्यासाठी तोच नमुना एका पानाचा केला आहे, रुग्णालयातल्या बाकावर बसून भरता येईल असा.